अवघड जागेचं दुखणं : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात स्तनाच्या कॅन्सरवर मी जेमतेम पानभर लिहिलं होतं आणि खाली सहज टाकलं की काही विचारायचं असेल तर कळवा. एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. पत्रं थोडी, बाकी सगळं व्हॉट्सअ‍ॅप, त्यातले निम्मे व्हॉइस मेसेज, ते पण दबक्या आवाजात, मागे भांड्यांचा नाहीतर म्हशीचा आवाज. एका ताईंनी तर मध्येच "सासूबाई आल्या, नंतर बोलते" म्हणून बंद केलं, ते नंतरचं अजून आलेलं नाही. आणि दर दुसरा प्रश्न "माझ्या मैत्रिणीला विचारायचंय" असा. हरकत नाही, मैत्रिणीलाच सांगते. आपल्याकडे म्हणतात ना, अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य. इथे तर बऱ्याचदा दुखणंही नसतं, तीच सगळी गोम आहे. नावं कुणाचीच दिलेली नाहीत, जिल्हा तेवढा ठेवलाय.

प्रश्न : माझं वय ४६. आंघोळ करताना डाव्या छातीला वरच्या अंगाला हरभऱ्याएवढं काहीतरी हाताला लागलं त्याला आता चार महिने झाले. दुखत बिखत काही नाही, दाबलं तरी नाही. शेजारच्या आजींनी आंबेहळद उगाळून लावायला सांगितली ती लावते. आता बोराएवढी वाटते पण माझा भासही असेल. लेकीचं लग्न माघात धरलंय. आत्ता दाखवलं आणि भलतंच निघालं तर सोयरीक मोडेल, म्हणून लग्न उरकल्यावर दाखवू का? (सोलापूर जिल्हा)

नाही ताई. ह्याच आठवड्यात दाखवायचं. बाकीचं सगळं मी खाली लिहितेय ते नंतर वाचलं तरी चालेल पण हे एक आधी.

तुम्ही "दुखत नाही" हे दोनदा लिहिलंय, आणि मला माहितीये ते का लिहिलंय, कारण आपण सगळ्या दुखण्यावरच तर जगतो, दुखलं की दवाखाना आणि नाही दुखलं की काम. पाठ दुखते, गुडघे दुखतात, त्याच्या गोळ्या आणायला तुम्ही नक्की गेला असाल ह्या चार महिन्यांत. पण स्तनाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. पाळीच्या आधी दोन्हीकडे जड होऊन दुखतं ना, ते दुखणं उलट बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. गप्प बसलेली, कडक, चाळिशीनंतर नव्याने आलेली आणि वाढत असलेली गाठ, तिची मला जास्त काळजी वाटते. आता घाबरू नका, कारण स्तनात लागणाऱ्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, दहात आठ-नऊ तरी साध्या निघतात. पण साधी आहे की नाही हे शेजारच्या आजींना हाताने कळत नाही आणि खरं सांगू का, डॉक्टर असून नुसत्या हाताने मलाही खात्रीने कळत नाही. त्यासाठी तपासणी लागते.

हरभरा, बोर, लिंबू हा हिशोब तुम्ही अगदी बरोबर पकडलाय, आम्हीही तोच करतो, फक्त सेंटिमीटरमध्ये. दोन सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे चांगल्या मोठ्या बोराएवढी गाठ आणि काखेत काही नाही, असा तो पहिला टप्पा. पाच सेंटिमीटर म्हणजे लिंबू झालं आणि काखेतही गाठी लागल्या की आपण दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात गेलो. पहिल्या टप्प्यात सापडलेल्या दहा बायकांपैकी नऊ जणी नीट उपचार घेतले तर पाच वर्षांनी ठणठणीत असतात. शेवटच्या टप्प्यात हे गणित पार उलटं होतं. आपल्या देशात निम्म्याहून जास्त बायका तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात येतात, आणि त्यांना माहीत नसतं म्हणून उशिरा येतात असं समजू नका. गाठ आहे हे कित्येकींना आधीच माहीत असतं. आधी सोयाबीन निघायचं असतं, मग दिवाळी, मग दिराचं ऑपरेशन, मग लेकीचं लग्न. २०२२ च्या अंदाजाप्रमाणे भारतात वर्षाला १ लाख ९२ हजार बायकांना हा कॅन्सर नव्याने होतो आणि ९८ हजार दगावतात, त्यातल्या कितीतरी जणी ह्या "उरकल्यावर दाखवू" मधल्या असतात.

कुठे जायचं तर तुमच्या तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात नाहीतर सिव्हिलला सर्जनना दाखवा. तुम्हाला बार्शी जवळ असेल तर तिथे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहेच. बार्शी, परांडा आणि भूम ह्या तीन तालुक्यांतल्या गावागावांतल्या कॅन्सरची नोंद १९८७ पासून तिथे ठेवली जाते, देशातलं ते पहिलं ग्रामीण कॅन्सर रजिस्टर. पूर्वी तिकडच्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर सगळ्यात वर असायचा, स्तनाचा हळूहळू चढत गेला. तेव्हा "हे शहरातल्या बायकांचं दुखणं" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. शहरात प्रमाण जास्त आहे हे खरं, पण तुम्ही खेड्यात राहता हे गाठीला माहीत नसतं.

तिथे गेल्यावर तीन गोष्टी होतील. डॉक्टर हाताने तपासतील, दोन्ही बाजू आणि दोन्ही काखा. मग मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, आणि सोनोग्राफी. आणि गरज वाटली तर जागा बधिर करून जाड सुईने गाठीचा शेवईएवढा तुकडा काढतील, टाका पडत नाही, त्याच दिवशी घरी. आंबेहळदीने नुकसान झालेलं नाही पण आता बंद करा, आणि कुणी बिब्बा घालायला सांगितलं तर बिलकुल घालू नका, कातडी भाजते आणि मग आम्हाला आतलं काहीच धड कळत नाही.

आता लग्नाचं. कुणाला सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मालकांना सांगा, बाकी व्याह्यांना "गुडघे दाखवायला गेले होते" सांगितलंत तरी चालेल, डॉक्टर असून खोटं बोलायला शिकवतेय, चालेल. साधी गाठ निघाली तर विषय संपला आणि माघापर्यंत सुखाने झोपाल. आणि समजा नाही निघाली साधी, तरी उपचार काही एका दिवसात सलग होत नाहीत. केमो बहुतेक वेळा तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने असते, मधले दिवस बरे जातात, तारीख दोन-चार दिवस इकडेतिकडे करून घेता येते. माझ्या एका पेशंटने चौथ्या आणि पाचव्या डोसच्या मध्ये पोरीची हळद केली, डोक्यावरून पदर होताच, केस नाहीत हे फोटोतसुद्धा कळत नाही, मला फोटो दाखवायला आली होती ना.

पैशाचं तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असणारच. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन तिन्ही बसतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, आधी त्याला गाठायचं, बिल झाल्यावर नाही.

प्रश्न : मी आशा वर्कर आहे. ३० वर्षांवरच्या सगळ्यांचा फॉर्म भरावा लागतो, त्यात छातीत गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का असे प्रश्न आहेत. मी प्रश्न पुरा करायच्या आत बाया "नाय नाय, तसलं काय नाय" म्हणून मोकळ्या. कधी सासू तिथेच बसलेली, कधी दारात नवरा. मग मी पण नाही वर टिक करते, खोटं कशाला बोलू. काय करावं? (नंदुरबार जिल्हा)

खरं लिहिलंत म्हणून आधी तुमचे आभार. हा टिक सगळीकडे असाच पडतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं की तुमची स्तनाची तपासणी कधी आयुष्यात झालीये का, तर पूर्ण देशात हो म्हणणाऱ्या शंभरात एकसुद्धा भरली नाही, ०.९ टक्के.

माझ्या ओपीडीत पण हेच होतं बघा. बाई येते, कंबर सांगते, अ‍ॅसिडिटी सांगते, मी गोळ्या लिहिते, ती उठते, पिशवी घेते, चप्पल घालायला दारापर्यंत जाते आणि तिथून वळून म्हणते, "मॅडम अजून एक होतं..." खरं दुखणं ते. मग मी सोबतच्या माणसाला सांगते, तुम्ही जरा केसपेपरवर शिक्का मारून आणा. शिक्का बिक्का काही नसतो, त्याला पाच मिनिटं बाहेर पाठवायचं असतं.

तेव्हा तुम्हाला पण असाच एखादा शिक्का शोधावा लागेल. घरात सगळ्यांसमोर तो प्रश्न विचारूच नका, बाकीचा फॉर्म भरा आणि तेवढी ओळ मोकळी ठेवा. लसीकरणाच्या दिवशी बाया उपकेंद्रात येतात तेव्हा बीपी बघायच्या निमित्ताने एकेकीला आत घ्या. आणि प्रश्न उलटा फिरवा. "तुला गाठ आहे का" म्हटलं की तिला वाटतं माझ्यावर आळ घेतायत. त्याऐवजी "हल्ली बऱ्याच जणी सांगतात की आंघोळीला हाताला काहीतरी लागतं, तुला कधी लागलं का" असं म्हणा. तुमच्याकडे घरात भिली, पावरी नाहीतर अहिराणी बोलत असतील तर त्याच बोलीत विचारा, फॉर्मवरचा "स्तन" हा शब्द कित्येक घरांत कुणी कधी तोंडाने उच्चारलेला नसतो. त्या ज्याला जे म्हणतात तेच म्हणा, लाजू नका, तुम्ही लाजलात की त्या दुप्पट लाजतात.

दुसरं म्हणजे नुसतं विचारून थांबायचं नाहीये, सरकारी कार्यक्रमात ३० च्या पुढच्या प्रत्येकीची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी व्हायची आहे. ती सीएचओ ताई (उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी) नाहीतर एएनएम ताईंनी (नर्सताईंनी) करायची असते, तुमचं काम तिथपर्यंत आणण्याचं. "हाताने तपासून काय होणार, मशीन पाहिजे" असं तुम्हाला कुणी शिकलेला माणूस म्हणेलच, त्याला हे सांगा. १९९८ मध्ये टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला, ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायका, त्यातल्या साधारण निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी हाताने तपासणी. आणि तपासणाऱ्या कोण, तर १० वी शिकलेल्या, ट्रेनिंग दिलेल्या साध्या बाया, डॉक्टर नाहीत. २०२१ मध्ये निकाल छापून आले. तपासणी झालेल्या बायकांमध्ये कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडले आणि ५० च्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मृत्यूत तसा फरक दिसला नाही, हेही सांगते, लपवून काय करायचं. पण मॅमोग्राफीचं मशीन तुमच्या अक्कलकुव्याच्या डोंगरात कधी चढेल तेव्हा चढेल, १० वी शिकलेल्या बायकांचे हात आजच तिथे आहेत.

आणि पडदा लावून घ्या. उपकेंद्राच्या खिडकीला पडदा नसेल तर जुनी साडी लावा, पण लावा.

प्रश्न : स्वतःची तपासणी स्वतः करायची म्हणजे नेमकं काय करायचं? यूट्यूबवरच्या बाईसारखा मोठा आरसा आमच्याकडे नाही, न्हाणीघराला कडी पण नाही. (जालना जिल्हा)

आरसा असला तर बरं, नसला तर अडत नाही.

पाळी सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवसांनी करायचं, तेव्हा छाती मऊ असते. पाळी गेलेली असेल तर एक तारीख धरा, संकष्टी धरा, लक्षात राहते. आंघोळीला अंगाला साबण लागलेला असताना हात सरकतो तेव्हा सगळ्यात सोपं. उजवा हात डोक्यावर ठेवायचा आणि डाव्या हाताची मधली तीन बोटं, टोकं नाहीत, पेरांचा सपाट भाग, भाकरी थापताना जो लागतो ना तो, त्याने गोल गोल दाबत जायचं. आधी हलकं, मग जरा जोराने, मग बरगडी लागेपर्यंत. गळ्याच्या हाडापासून ब्लाउजच्या खालच्या पट्टीपर्यंत आणि मधल्या हाडापासून काखेपर्यंत, कोपरा सोडायचा नाही. चिमटीत धरून बघू नका, चिमटीत धरलं की प्रत्येकीला गाठच लागते आणि रात्रभर झोप नाही. मग दुसरी बाजू. रात्री अंथरुणात आडवं पडून पण करता येतं, दिवा बंद असला तरी चालतं, हे बोटांनीच करायचं काम आहे.

कशासाठी बघायचं तर नवीन गाठ, काखेतली गाठ, कातडीला पडलेला खळगा, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, पूर्वी बाहेर असलेलं बोंड आता आत ओढलं जाणं, बोंडावर बरी न होणारी खपली, न दाबता आपोआप येणारं रक्त किंवा पाणी. जन्मापासून बोंड आत असेल तर ते तुमचं तसंच आहे, काळजी नको.

आता एक गोष्ट जी पोस्टरवर लिहिलेली नसते. चीनमध्ये शांघायला अडीच लाखावर गिरणी कामगार बायकांवर ह्याचा अभ्यास झाला, २००२ मध्ये निकाल आला, आणि दर महिन्याला शिस्तीत स्वतः तपासणाऱ्या बायकांमध्ये मृत्यू काही कमी झाले नाहीत, साध्या गाठींचे तुकडे मात्र जास्त काढावे लागले. म्हणून मी हे व्रतासारखं करा असं म्हणत नाही. एखादा महिना चुकला तर चुकला. आपलं अंग नेहमी कसं लागतं ते हाताला ठाऊक असावं म्हणजे बदल झाला की लगेच कळतो, एवढंच. आणि नर्सताईंनी किंवा डॉक्टरांनी केलेल्या तपासणीच्या बदली हे धरू नका.

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे. तिला गोट्यासारखी गाठ लागते, हात लावला की इकडून तिकडे पळते. तिचं लग्न ठरवायचंय, खूप टेन्शन आहे. (सांगली जिल्हा)

ह्या वयात पळणारी, गुळगुळीत गाठ बहुतेक वेळा फायब्रोअ‍ॅडिनोमा असते, कॅन्सर नव्हे. सोनोग्राफी करून घ्या, ह्या वयात मॅमोग्राफीचा फारसा उपयोग नसतो. डॉक्टर म्हणाले की साधी आहे तर काढलीच पाहिजे असं नाही, सहा महिन्यांनी परत बघायची. आणि मुलीला डॉक्टरांशी स्वतः बोलू द्या, तुम्ही मध्ये उत्तरं देऊ नका.

प्रश्न : बहिणीच्या गाठीतून सुईने तुकडा काढा म्हणतात. गावातले सगळे सांगतायत गाठीला लोखंड लागलं की ती भडकते आणि अंगभर पसरते. आमच्याकडे एका बाईचं तसं झालं पण. (हिंगोली जिल्हा)

दादा, ते "तसं झालं" कसं होतं सांगते. बाई आधीच वर्षभर गाठ घेऊन फिरलेली असते, ती तेव्हाच काखेत, कधी फुप्फुसात पोचलेली असते, मग सुई लागते, रिपोर्ट येतो, आणि दोन महिन्यांत बाई खालावते. गावाला फक्त सुई दिसली, आधीचं वर्ष कुणाला दिसलं नाही. सुईने कॅन्सर अंगभर पसरत नाही. उलट सुईशिवाय त्या गाठीची जात कळत नाही. त्या शेवईएवढ्या तुकड्यावर अजून तीन तपासण्या होतात, त्यावरून कळतं की हार्मोनच्या गोळ्या चालतील, का आणखी वेगळी औषधं लागतील. कुणाला आधी केमो देऊन गाठ बारीक करायची आणि मग ऑपरेशन करायचं, तेही त्यावरच ठरतं.

खरी भीती कशाची बाळगा ते सांगू? "छोटीशी तर आहे, इथेच काढून टाकतो" म्हणणाऱ्याची. माझ्याकडे गेल्या वर्षी एक बाई आली, कुठल्याशा दवाखान्यात गाठ नुसती उकरून काढलेली, तपासायला पाठवलीच नव्हती, बाटलीत घालून घरी दिली होती. तीन महिन्यांनी त्याच जागी परत. कुठल्या जातीची होती, कडेला कॅन्सर उरला होता का, काही म्हणजे काही कागद नाही, सगळं पहिल्यापासून. तर बहिणीची सुई आधी, ऑपरेशन नंतर, आणि काढलेला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे. रिपोर्टची झेरॉक्स काढून घरी ठेवा.

प्रश्न : आम्ही ऊसतोडीला जातो. माझी पिशवी चार वर्षांपूर्वी काढली, तेव्हा सांगितलं होतं की काढली नाही तर कॅन्सर होईल. आता छातीत जड वाटतं, पण पिशवी काढलीये म्हणजे मला कॅन्सर होणार नाही ना? (बीड जिल्हा)

ताई, पिशवीचा आणि छातीचा तसा संबंध नाही. पिशवी काढल्याने छातीचा कॅन्सर टळत नाही. आणि पांढरं जातं, अंगावरून जास्त जातं एवढ्यावर "कॅन्सर होईल" म्हणून तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या, त्याचा राग मला अजून येतो. २०१९ मध्ये सरकारने समिती नेमली होती, बीडमधल्या ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली तर १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. भीती नको तिथे विकली आणि जिथे जरा भीती पाहिजे होती तिथे कुणी शब्द बोललं नाही.

दोन्हीकडे सारखं जड वाटत असेल आणि गाठ हाताला लागत नसेल तर बहुतेक काही नाही, पण तपासून घ्या, आणि कारखान्यावर जायच्या आधी घ्या. दसऱ्या-दिवाळीला गेलेल्या तुम्ही पाडव्यानंतर परत येता, तोवर पाच-सहा महिने गेले. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, हे मला माहीत नाही असं नाही. फडावर असताना गाठ लागलीच तर कारखान्याजवळच्या प्राथमिक केंद्रात दाखवा, तिकडचा जिल्हा कुठला का असेना, फुले योजना पूर्ण राज्यात चालते. रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स कोपीत सोबत ठेवा, मूळ कार्ड गावी सासूकडे राहतं आणि सगळं तिथेच अडतं.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं आहे, एका बाजूला दूध गोठलंय, लाल झालंय, ताप पण आहे. हा कॅन्सर असू शकतो का? (रत्नागिरी जिल्हा)

बहुतेक करून नाही, ही दुधाची सूज आहे. पाजणं बंद करू नका, त्या बाजूनेही पाजत राहा, आणि आजच डॉक्टरांकडून अँटिबायोटिक घ्या, पू झाला तर काढावा लागेल. फक्त एक लक्षात ठेवा, औषध पूर्ण करून दोन आठवड्यांत लाली आणि कडकपणा गेला नाही तर "दुधाचंच आहे" म्हणून बसू नका, सोनोग्राफी करा. पाजत्या बाईलाही क्वचित कॅन्सर होतो आणि तिथे तो हमखास उशिरा कळतो, कारण सगळे दुधालाच दोष देत बसतात.

काही छोटे प्रश्न एकत्र.

ब्लाउजमध्ये मोबाईल किंवा पैशाचं पाकीट ठेवल्याने होतो का? नाही. घामाने मोबाईल बिघडेल. काळी ब्रा, रात्री ब्रा घालून झोपणं? नाही. बैलाचं शिंग लागलं होतं, त्यातून? नाही, पण मार लागल्यावर बाई पहिल्यांदा नीट हात लावून बघते आणि आधीची गाठ तेव्हा सापडते. मुलांना अंगावर पाजलं म्हणजे होत नाही? धोका कमी होतो, शून्य होत नाही. आईला होता म्हणून मला होणारच? होणारच असं नाही, शंभरात पाच ते दहाच घराण्यातून येतात, पण आई, मावशी, बहीण अशा दोघी-तिघींना किंवा कुणाला पन्नाशीच्या आत झाला असेल तर आधीपासून तपासणी सुरू करा. पुरुषांना होतो का? होतो, शंभरात एखादा. बोंडाखाली कडक गाठ लागली तर दादांनीही दाखवावी, पुरुष तर बायकांपेक्षा जास्त लाजतात ह्यात.

प्रश्न : माझ्या मंडळींचं ऑपरेशन झालं, एक बाजू पूर्ण काढली, केमो पण झाली. आता घरातले तिचं ताट वेगळं ठेवतात, शेजारच्या बायका हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. ती पण म्हणते मी आता कशी जाऊ. मला विचारायचं होतं की हा लागट आहे का, लहान नातू तिच्याजवळ झोपतो. आणि त्या बाजूच्या हातात बांगड्या भरू नका असं कोण म्हणालं, खरं आहे का? (लातूर जिल्हा)

दादा, नवऱ्याने लिहिलेलं एवढं एकच पत्र आलं, म्हणून शेवटी ठेवलं, निवांत उत्तर द्यायचं होतं.

लागट नाही. ताटातून नाही, पाण्यातून नाही, श्वासातून नाही, नवरा-बायकोने जवळ येण्यानेही नाही. नातवाला खुशाल झोपू द्या. ताट वेगळं ठेवणाऱ्यांशी वाद घालत बसू नका, तुम्ही मंडळींच्याच ताटात बसून जेवा, दोन दिवसांत घराला कळेल. केस येतात, आधी मऊ, कधी कुरळे येतात, मग हळूहळू वाढतात. काढलेल्या बाजूला ब्लाउजच्या आत घालायला कापसाची किंवा सिलिकॉनची गादी मिळते, नाहीतर गावातली शिंपीण मऊ सुती कापडात कापूस भरून शिवून देईल, दोन्ही बाजू सारख्या दिसल्या की बाई ताठ चालायला लागते, मी बघितलंय. तपासणीला टाटाला किंवा लांब जावं लागत असेल तर रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला सवलत असते, स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या माणसालाही मोठी सूट, दवाखान्यातून फॉर्म भरून घ्या. गोळ्या चालू असतील तर पाच वर्षं म्हटलं की पाच वर्षं, बरं वाटतंय म्हणून वर्षभरात बंद करणाऱ्या फार आहेत.

आता बांगड्या. काखेतल्या गाठी काढलेल्या असतात त्यामुळे त्या हाताला सूज यायची शक्यता राहते. म्हणून त्या हाताला भाजू, कापू द्यायचं नाही, गवत काढताना हातमोजा, भरलेली कळशी दुसऱ्या हाताने, आणि डॉक्टरांनी दाखवलेले व्यायाम रोज, भिंतीवर बोटांनी वर वर चढत जायचं तो विशेष. हात फुगल्यासारखा, जड वाटला तर लगेच दाखवा. पण बांगड्या भरायला कुणी बंदी केलेली नाही, फक्त घट्ट नकोत. कासाराला सांगा नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठं दे, मनगटावरून सहज खाली-वर सरकल्या पाहिजेत. आणि हळदीकुंकवाला कुणी बोलवत नसेल तर ह्या संक्रांतीला तुमच्याच घरी ठेवा.